शून्याबाईचा गोल

शनिवारी सकाळी, सामन्याला अजून पाच तास असताना, मी एकोणीस सेकंदांची एक चित्रफीत पाहिली आणि हातातला टोस्ट हातातच राहिला. कॉलेजच्या क्रीडा कचेरीतल्या थिओनं ती पाठवली होती. थिओ म्हणजे थिओडोरा, सव्वीस वर्षांची पोरगी, माझ्या आकड्यांना संगणकात घालून त्यांना कंगवा फिरवणारी. तिनं लिहिलं होतं, 'एल्डन, १९९३ च्या सामन्याची एक कॅसेट कुणाच्या तरी आईच्या तळघरात सापडली. आज तुमच्या सत्काराच्या वेळी पडद्यावर दाखवू या. मागचा आवाज तुमचाच आहे, ऐका.' ऐकला. चित्रात पाऊस नुकताच थांबलेला, मैदानाचं मधलं अर्धं गवत चिखलात गेलेलं. कोपऱ्यातून चेंडू येतो, त्यांची गोलकीपर तो बुक्कीनं बाहेर ढकलते, आणि मागून, फार मागून, तीस नंबरचा शर्ट घातलेली एक मुलगी धावत येते आणि डाव्या पायानं असा काही फटका मारते की जाळं पाठीमागच्या कुंपणाला टेकतं. ती वळते. दोन्ही हात वर जायला निघतात. तेवढ्यात भोंग्यातून एकवीस वर्षांच्या मुलाचा किरटा, खात्रीनं भरलेला आवाज येतो, 'गोल. नंबर नऊ, ब्रिट्टा हाल्व्हरसन.' म्हणजे माझा. आणि खांद्यापर्यंत आलेले ते हात हळूच खाली येतात. चित्रफीत तिथंच संपते. मी ती पुन्हा लावली, मग पुन्हा. त्या मुलीच्या पाठीवर कंबरेपर्यंत वेणी होती. ब्रिट्टाचे केस जन्मात कधी कानाखाली आले नाहीत. त्या वर्षी आमच्या संघात कंबरेपर्यंत वेणी असलेली एकच मुलगी होती, आणि ती ह्या क्षणी माझ्या पाठीमागं ओट्याशी उभी राहून भोपळ्याच्या बारचे, म्हणजे केकच्या चौकोनी वड्यांचे, तुकडे पाडत होती, गुणगुणत.

"काय बघतोयस?" मार्नीनं विचारलं. मी म्हणालो, काही नाही, थिओचं काहीतरी. लॅपटॉप मिटला. एकतीस वर्षांत बायकोपासून काही लपवलं नाही असं म्हणणारा मी माणूस, आणि लपवताना माझे कान तापले हे मला स्वतःलाच कळलं. बाहेर पोर्चवर ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं, मिनेसोटात ते असं वर्षातून तीनचार दिवसच मिळतं, आणि मला मात्र काखेत घाम फुटला होता. तीन शर्ट, एक चिखल, एक वेणी. लोकांना हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. पण मी काय आहे ते आधी सांगायला हवं. पोटासाठी मी जिल्ह्याच्या मोजणी खात्यात जमिनींच्या हद्दी मोजतो. जीवासाठी मी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या सॉकरचे आकडे ठेवतो. विद्यार्थी असताना कुणीतरी पेन्सिल हातात दिली ती अजून खाली ठेवलेली नाही. सॉकर म्हणतो, कारण फुटबॉल म्हटलं की आमच्याकडे लोकांना ते हेल्मेटवाले धटिंगण आठवतात, आणि त्यांचं मैदान मोठं, स्कोअरबोर्ड मोठा, सगळंच मोठं. आमचं लाकडी खोपटं, चार खांबांवर उभं, शिडी चढून वर जायचं. तिथून मी लिहितो. गोल, असिस्ट म्हणजे गोलासाठी दिलेला शेवटचा पास, किती फटके, कोण कितव्या मिनिटाला आत आली. गोलाचे दोन गुण, असिस्टचा एक. दरवर्षी त्याचं पुस्तक निघतं, आणि त्या पुस्तकात ज्या मुलींची नावं आहेत त्यातल्या काही आता आज्या झाल्यात. बत्तीस हंगामांत माझ्या एकाही कागदावर कधी दुरुस्तीचा अर्ज आला नाही. आज मध्यंतरात जिमखान्याच्या मानाच्या भिंतीवर लावायची माझी पाटी उघडणार होते. पितळी. मी न खेळलेला पहिला माणूस त्या भिंतीवर. तिच्यावर माझ्या नावाखाली कोरलं होतं: बत्तीस हंगाम, एकही चूक नाही. आता खोटं कशाला बोलू, मला ती पाटी हवी होती. महिनाभर मी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ती पाटी मनातल्या मनात वाचत होतो.

चूक कशी झाली हे मला टोस्ट संपायच्या आत कळलं, कारण तो कागद मला पाठ आहे. आमच्यात नियम आहे, शर्टाला रक्त लागलं तर त्या मुलीनं बाहेर जायचं, शर्ट बदलल्याशिवाय आत यायचं नाही. म्हणून प्रत्येक संघ एक जादा शर्ट ठेवतो, आमचा तीस नंबरचा. त्या दिवशी पन्नासाव्या मिनिटाला ब्रिट्टाच्या नाकावर कुणाचं तरी कोपर बसलं. ती बाहेर गेली, तीस घालून परत आली. मी इमानदारीत समासात लिहिलं, 'तीस म्हणजे नऊ'. पुढं मी पाहिलं नाही ते असं असणार, की बाकावर कुणीतरी ब्रिट्टाचा नऊ नंबर गार पाण्यात चोळला, पिळला, आणि ती पुन्हा तो ओला शर्ट अंगात चढवून आत गेली. आणि मग मार्नीच्या चार नंबरला कुणाचं तरी रक्त लागलं तेव्हा तीस मार्नीच्या अंगावर गेला. मला कुणी कळवलं नाही. चिखलात सगळेच शर्ट एका रंगाचे झाले होते. पण ते काही खरं कारण नव्हे. खरं कारण हे की मी माणसं बघतच नव्हतो. मी नंबर बघायचो. वर बसून बावीस मुलींना ओळखायचं तर चेहरे उपयोगाचे नसतात, ते सारखे बदलत असतात, हसतात, रडतात, नंबर बिचारा जागचा हलत नाही असं मी नव्या पोरांना अजून शिकवतो. कंबरेपर्यंतची वेणी माझ्या डोळ्यांदेखत मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उडत गेली, आणि मी तीस लिहून त्याचं नऊ केलं.

गाडीत मार्नी शेजारी बसली, मांडीवर बारचं तबक. हमरस्त्यावर मक्याची कापणी झालेली शेतं, धान्याच्या कोठारांवर कबुतरं. मी गप्प, आणि मी गप्प म्हणजे तिला आयतीच संधी. "भाषणाची तालीम चाललीय वाटतं," ती म्हणाली. "टाय नीट कर. पितळेपुढं माणूस फिका पडायला नको." मी हसलो. मग माझ्या मनानं तो दरवाजा उघडला जो मी सकाळपासून दाबून धरला होता. शून्याबाई. मी माझ्या बायकोला शून्याबाई म्हणतो. पुस्तकात चव्वेचाळिसाव्या पानावर तिची ओळ आहे: मार्नी स्कुबिक, बचाव, सामने अडुसष्ट, असिस्ट चार, गोल शून्य. आमच्या लग्नात भाषणाला उभा राहिलो तेव्हा मी तो आकडा वाचून दाखवला होता आणि तिचे खाणीत राबलेले काका टेबलावर मुठी आपटून हसले होते. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात मी म्हणालो, शून्याबाईनं अखेर खातं उघडलं. शेजाऱ्यांच्या जेवणात, तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला केकवर साखरेचं मोठं शून्य. आणि दर वेळी सगळ्यात मोठ्यानं हसायची ती ही. मान मागं टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माहीत असून. गोल आपण मारलाय हे काय कुणी विसरतं? अडुसष्ट सामन्यांत एकदा? मग ही बाई एकतीस वर्षं माझ्या तोंडावर हसत काय होती, माझ्यावर रागावली होती, माझी कीव करत होती, की मनातल्या मनात रोज माझा हिशोब चुकता करत होती? मला आठवलं, आमच्या मुलीनं सहाव्या वर्षी पहिला गोल मारला तेव्हा मार्नी गाडीत जाऊन बसली होती आणि मी काच वाजवली तर म्हणाली, काही नाही, धूळ गेली डोळ्यात. गवतावर कसली धूळ. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. आणि खरं सांगायचं तर ह्या सगळ्या घाबरगुंडीच्या खाली कुठंतरी, अगदी तळाशी, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. काय मारला होता तिनं तो. डाव्या पायानं. इतक्या लांबून.

खोपट्यात थिओ आधीच येऊन बसली होती, दोन जाकिटं आणि एक रग. "चित्रफीत पाहिलीत?" तिनं विचारलं. "एक विचारू? शर्ट तीस दिसतो आणि तुम्ही नऊ म्हणता." मी म्हणालो, रक्ताचा शर्ट, समासात नोंद आहे, बघ. तिनं जुना कागद पाहिला, 'तीस म्हणजे नऊ', आणि तिचा चेहरा भक्तासारखा झाला. "बापरे. तुम्ही हेसुद्धा लिहून ठेवलंत." इतकं सोपं होतं ते. आयतं कोलीत, पण माझंच माझ्या हातात. कुणालाही कधीही कळणार नव्हतं. पाटीवरचं वाक्य खरंच राहिलं असतं, कागदापुरतं. मी खाली पाहिलं. तिसऱ्या ओळीत मार्नी लोकांना बार वाटत होती. कुंपणाजवळ ब्रिट्टा उभी होती, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कारण ती गुरांची डॉक्टर आहे आणि कुठल्यातरी गोठ्यातून थेट आली होती. तिच्या काखेत चेंडू होता. ब्रिट्टाचा विक्रम, चार वर्षांत बासष्ट गोल, एकोणतीस वर्षं हललेला नाही, आणि आमच्या मारिसोलचे एकसष्ट झाले होते. मारिसोल चौथ्या वर्षाला, तिचे आईवडील टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात कामाला, दोघंही आज रजा काढून आले होते, आज्जीला घेऊन, ब्लँकेटात गुंडाळून. हंगामातला शेवटचा सामना. तिनं एक मारला तर बरोबरी, दोन मारले तर विक्रम, आणि ब्रिट्टा स्वतःच्या हातानं तिला चेंडू देणार असं ठरलं होतं. आता माझ्या डोक्यात जे फिरलं ते ऐका. तो गोल मार्नीचा असेल तर ब्रिट्टाचे एकसष्ट. म्हणजे मारिसोलनं बरोबरी आत्ताच केलेली आहे, गेल्या बुधवारीच, आणि जगात हे फक्त मला ठाऊक आहे. तिनं आज दोन मारले तर प्रश्नच मिटतो, कुणाचं काही जात नाही, मी गप्प बसलो काय आणि बोललो काय. म्हणून मी जन्मात पहिल्यांदा, आकडेवाल्यानं कधीच करू नये ते केलं. प्रार्थना केली. मार गं बाई, दोन मार.

पूर्वार्धात तिनं सहा फटके मारले. मी सहा लिहिले, आणि प्रत्येक लिहिताना पेन्सिल जोरात दाबली, जणू त्यानं काही होणार होतं. पलीकडच्या कॉलेजची गोलकीपर त्या दिवशी हातांत काय घेऊन आली होती कोण जाणे. शून्य–शून्य. पंचाची शिट्टी झाली तशी थिओ उठली, "चला, पाटी." मी म्हणालो, पाटी सामना संपल्यावर. "पण कार्यक्रमपत्रिकेत–" "संपल्यावर," मी म्हणालो, आणि माझा आवाज असा आला की ती मुकाट्यानं शिडी उतरून सांगायला गेली. आणि तिच्यामागून, उतरणारीला वाट देऊन, मार्नी वर आली. थर्मास, दोन कागदी पेले, बारचा शेवटचा तुकडा. दर सामन्याला मध्यंतरात ती अशी येते. ती येताना पाहून मला एकदम वाटलं, हिला मी किती दिवसांत पाहिलं नाही. कानापाशी पांढऱ्या बटा, लोकरी टोपी, नाक लाल.

"पाटी पुढं का ढकललीस?" तिनं विचारलं. "पायात गोळे आले?"

मी लॅपटॉप तिच्याकडं वळवला आणि बटण दाबलं. एकोणीस सेकंद तिनं पाहिले. मग तिनं ती चित्रफीत पुन्हा लावली. स्वतःच, बोट पुढं करून. मी तिच्याकडं पाहत होतो, पडद्याकडं नाही.

"काय पाय होते माझे," ती म्हणाली.

"मार्नी, तो तुझा गोल आहे."

"हो. आहे खरा."

"एकतीस वर्षं."

"तूच शून्याबाई शून्याबाई करत होतास, मला काय," ती म्हणाली आणि बारचा तुकडा मोडून अर्धा माझ्या तोंडाशी धरला. मी तो खाल्ला, कारण नाही म्हणायला तोंड मोकळं नव्हतं. "रागावली नाहीस?" मी विचारलं, तुकडा गिळून. "रागावले की. त्याच दिवशी. भडकलेच होते. कप्तानाला म्हटलं, तू नको, मीच जाते वर, त्या आकडेवाल्याची बोलती बंद करते. तुला काय वाटलं, मी त्या दिवशी शिडी कशाला चढले होते?"

आम्ही भेटल्याची गोष्ट मी हजारदा सांगितली आहे. सामना संपल्यावर एक चिखलानं माखलेली मुलगी वर आली, दारात उभी राहिली, माझ्याकडं पाहून खदाखदा हसायला लागली, मी घाबरून तिला थर्मासमधली कॉफी दिली. हसण्याचं कारण मी माझी टोपी धरत आलोय, तिला कानांवर लोकरीचे गोंडे होते. "कॉफीला," मी म्हणालो, पण आता माझाच त्यावर विश्वास नव्हता.

"कॉफीला," तिनं मला वेडावलं. "गोल मागायला आले होते मी. आख्खं भाषण तयार होतं, त्यात दोन शिव्या होत्या. दार उघडलं तर तू थंडीनं निळा पडलेला, बोटं फुंकत बसलेला. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, 'तू चार नंबर ना? तेरा वेळा अडवलंस तू आज त्यांना. मी मोजलं.' आणि तो कागद पुढं केलास. समासात बारीक तेरा रेघा. कुठल्या रकान्यात नव्हत्या त्या. बचावाचा रकानाच नसतो तुमच्यात. मी नऊ वर्षांची असल्यापासून खेळतेय एल्डन, आमच्या खाणीच्या गावात भावांबरोबर, आणि तोपर्यंत माझं कुणी काही मोजलं नव्हतं. मला भाषणच आठवेना. आणि मग तू काय विचारलंस, आठवतंय?"

मला आठवलं. तिथं उभ्या उभ्या आठवलं आणि मी कपाळाला हात लावला. मी विचारलं होतं, 'साठाव्या मिनिटानंतर तू दिसलीच नाहीस. बाहेर बसवलं का तुला?'

मार्नी हसायला लागली. तशीच, त्या दिवसासारखी, खुर्चीचा हात धरून. "बाहेर बसवलं का," ती म्हणाली, "अरे, मी गोल मारून आले होते, आणि तू इतक्या काळजीनं विचारत होतास. मला वाटलं, जाऊ दे, ह्याला आधी कॉफी पिऊ दे, मग सांगू. मग तू जेवायला विचारलंस. मग तुझी आई आजारी पडली. मग मला वाटलं आता लग्नानंतर सांगते, चांगला तोंडघशी पाडते. आणि मग ते माझं माझं असं झालं. तू शून्याबाई म्हणालास की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. भरल्या घरात एक गोष्ट फक्त आपल्याला माहीत असावी, तसं." तिनं डोळे पुसले. "आता तर मला धड आठवतही नाही. राहू दे तो. गोल काय, गोल सगळेच मोजतात."

मी तिला पाटीवरचं वाक्य सांगितलं. एकही चूक नाही. मला वाटलं होतं ती गंभीर होईल. ती खाली फळ्यांवरच बसली, हसून हसून. मग मी तिला मारिसोलचं गणित सांगितलं, तेव्हा मात्र ती थांबली. खाली पाहिलं. ब्लँकेटातली आज्जी कुणीतरी दिलेल्या पेल्यातून गरम सफरचंदाचा रस पीत होती. "हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं," मार्नी म्हणाली. "माझ्यासाठी काही बदलू नकोस. पण ते पोरीचं आहे, आणि ब्रिट्टाचंही आहे. आणि पाटी तुझी. तू ठरव." आणि पेले तिथंच ठेवून उतरून गेली.

उत्तरार्ध मी कसा लिहिला मला सांगता येणार नाही, कागद मात्र नेहमीसारखाच नेटका आहे. मी चेहरे बघत होतो. बत्तीस वर्षांत प्रथमच. आमच्या उजव्या बचावातल्या मुलीला चेंडू मारताना जीभ बाहेर काढायची सवय आहे हे मला माहीत नव्हतं. मारिसोल पळताना स्वतःशी बोलते. मला वाटलं, मी इतकी वर्षं हद्दीचे दगड मोजले आणि शेतं पाहायची राहून गेली. पाटी हवीशी वाटणं मात्र गेलं नाही, तसं ते जात नाही. एकदा वाटायचं, मार गं पोरी, मला सोडव. एकदा वाटायचं, मारलास तर मी गप्प बसेन, मला माझी खात्री आहे, मी तितका चांगला नाही. ब्याऐंशीव्या मिनिटाला तिचा फटका खांबावर आदळला आणि तो ठण्ण आवाज माझ्या दातांत बसला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला ती एकटी पुढं निघाली, समोर फक्त गोलकीपर, सगळी माणसं उभी राहिली, तिच्या आईनं तोंडावर हात घेतले. बासष्टावा समोर होता. आणि तिनं चेंडू डावीकडं सरकवला, पहिल्या वर्षाच्या एका मुलीकडं, जिच्यापुढं जाळं मोकळं होतं. गोल. एक–शून्य. मी लिहिलं: असिस्ट, मारिसोल. थिओ शेजारी हळहळली, "वेडी आहे का ही? मारायचा ना स्वतः." मला वेडीबिडी काही वाटली नाही. माझं ठरून गेलं. जिनं आकडा समोर असताना तो असा देऊन टाकला तिच्या देखत मी तिचाच आकडा खिशात ठेवून पितळ भिंतीला लावायचं, हे पचवण्याएवढं काही माझं पोट मोठं नव्हतं.

शिट्टी झाली. सामना आम्ही जिंकला, तरी मैदानावर सगळे मारिसोलला समजावत होते, एका गोलानं हुकलं गं, एका गोलानं. ब्रिट्टा चेंडू काखेत घेऊन तिच्याजवळ उभी, काय बोलावं न कळून तिच्या पाठीवर गाईला थोपटतात तसं थोपटत. कुणीतरी ब्रिट्टाच्या हातात ध्वनिक्षेपक दिला होता, माझ्या सत्काराला बोलायला. "पाटी आणू?" थिओनं विचारलं. मी म्हणालो, "ती कोरणाऱ्याकडं परत पाठव. सांग, एक शब्द चुकलाय." तिनं माझ्याकडं पाहिलं, मग त्या जुन्या कागदाकडं, मग पडद्यावर थांबलेल्या वेणीकडं, आणि तिनं हळूच रग बाजूला सारला. हुशार पोरगी आहे. मी माझा ध्वनिक्षेपक चालू केला.

"मंडळी, एक दुरुस्ती आहे," मी म्हणालो. मैदान गप्प झालं, कारण हे शब्द त्या भोंग्यातून पूर्वी कधी आलेच नव्हते. "ब्रिट्टा हाल्व्हरसन, एकूण गोल बासष्ट नाहीत. एकसष्ट आहेत. चूक नोंद ठेवणाऱ्याची. एल्डन व्हॉस."

ब्रिट्टानं मान वर केली. "कुठला रे गोल गेला माझा?" तिचा आवाज दुसऱ्या भोंग्यातून आला, गोठ्यात हाक मारल्यासारखा.

"त्र्याण्णवचा. चिखलातला. तीस नंबर."

"तो?" ब्रिट्टा म्हणाली. "तो अजून तिला दिलाच नाहीस? अरे गाढवा, ती त्याच दिवशी वर गेली होती ना तुला सांगायला."

"आली होती," मी म्हणालो.

"मग?"

"मग आमचं लग्न झालं."

सगळं मैदान हसलं. मारिसोलचे वडील हसले, मग कुणीतरी आज्जीला समजावून सांगितलं आणि ती उशिरानं, एकटीच हसली. मारिसोल मात्र हसत नव्हती, ती बोटांवर मोजत होती. एकसष्ट आणि एकसष्ट. ब्रिट्टानं तिचं मोजून व्हायची वाट पाहिली आणि मग चेंडू तिच्या पोटाशी असा दाबला की ती दोन पावलं मागं गेली, आणि मग सगळ्या मुली दोघींच्या अंगावर पडल्या, रबरी बुटांसकट. ब्रिट्टाचा विक्रम अर्धा झाला होता आणि तिच्याइतकं खूश तिथं कुणी नव्हतं.

मी तिसऱ्या ओळीत पाहिलं. मार्नी बसून होती. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, दोन्ही हात जाकिटाच्या खिशात, समोर कुठंतरी बघत, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. राहू दे म्हणाली होती. धड आठवतही नाही म्हणाली होती. पण काम अर्धंच झालं होतं. जिचा गोल काढला तिचं सांगितलं, जिचा आहे तिचं सांगायचं राहिलं होतं, आणि गोल सांगायची एक रीत आहे, आधी नंबर, मग नाव, मग वेळ. मी जुना कागद समोर ओढला. "गोल," मी म्हणालो. आवाज किरटाच आला, बावन्नाव्या वर्षीसुद्धा. "नंबर तीस. मार्नी स्कुबिक. चार वर्षांतला पहिला. वेळ, एकाहत्तर मिनिटं–" आणि पुढं मला वाचता येईना. कागद होता, आकडा होता, डोळ्यांत पाणी येऊन तो सगळा वितळला होता. मी खाकरलो. लोक थांबून राहिले. भोंग्यातून माझा श्वास सगळ्या मैदानावर ऐकू जात होता.

"बावन्न सेकंद," तिसऱ्या ओळीतून मार्नी म्हणाली. मोठ्यानं नाही, पण तिथं इतकं शांत होतं की कुंपणापर्यंत ऐकू गेलं.

मी बाहीनं डोळे पुसून कागदावर पाहिलं. बावन्नच होते. मी ते वाचून दाखवलं.